मॅलॅकाइट ग्रीन, साठ बोटुकल्या आणि ९६ तास: रंगाची तीव्र विषारिता मोजण्याची पद्धत

इचलकरंजी, सोलापूर, भिवंडी, मालेगाव अशा कापडाच्या गावांच्या आसपास प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्यांच्या प्रकल्पांत 'अमुक रंगाचा गोड्या पाण्यातील माशांवर होणारा परिणाम' हा विषय फिरून फिरून येतो. चार टाक्या, थोडा रंग, थोडे मासे आणि शेवटी एलसी५०, म्हणजे ९६ तासांत निम्मे मासे मारणारी सांद्रता. काम सोपं वाटतं. पण असे बरेच आकडे कुणाच्याच उपयोगाचे नसतात. टाकीत रंग किती घातला हे लिहिलेलं असतं, किती उरला हे कुणी पाहिलेलं नसतं. पाण्याचा पीएच दिलेला नसतो, रंगाची शुद्धता दिलेली नसते. रंगाच्या चाचणीत मासे मोजायला कुणीही मोजेल, खरं काम पाणी मोजण्याचं आहे. हा लेख त्याच अंगाने लिहिला आहे.

उदाहरणाला मॅलॅकाइट ग्रीन घेऊ. ताग, रेशीम, लोकर, चामडं आणि कागद रंगवणारा हा धनभारित रंग. मत्स्यालयाच्या दुकानात पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर आणि बुरशीवर औषध म्हणूनही तो बाटलीत मिळतो. माशाच्या शरीरात त्याचं ल्यूकोमॅलॅकाइट ग्रीन होतं आणि ते चरबीत साठून राहतं. खाण्याच्या माशांसाठी अनेक देशांनी त्यावर बंदी घातली ती यामुळेच. सुती कापडाला लागणारे रिॲक्टिव्ह रंग माशांना तातडीने मारण्याच्या बाबतीत बहुतेक वेळा बरेच सौम्य असतात. धनभारित रंग मात्र जहाल. त्यामुळे इचलकरंजीजवळच्या पंचगंगा नदीत मासे मेले की लगेच 'रंगाने मेले' म्हणू नये. तिथे पाण्यातला ऑक्सिजन संपणं हेही तितकंच मोठं कारण असू शकतं.

आधी परवानगी, मग मासे

मासा हा पाठीचा कणा असलेला प्राणी आहे. १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि त्याखालचे १९९८चे प्रयोगविषयक नियम त्याला लागू होतात. संस्था सीसीएसईएकडे, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीकडे (पूर्वीची सीपीसीएसईए), नोंदलेली हवी आणि प्रस्ताव संस्थेच्या प्राणी नीती समितीकडून मंजूर हवा. 'मासेच तर आहेत' हे उत्तर समितीपुढे चालत नाही, आणि हल्ली नियतकालिकंही मंजुरीचा क्रमांक मागतात.

समिती पहिला प्रश्न विचारेल: मोठे मासे कशाला? प्रश्न रास्त आहे. चाचण्यांच्या प्रमाण पद्धती ठरवणाऱ्या ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची २३६ क्रमांकाची पद्धत २०१३ पासून आहे. तिच्यात झेब्राफिशच्या नुकत्याच फलित झालेल्या अंड्यांवर ९६ तास चाचणी होते. अंडं गोठणं, शरीराचे खंड न पडणं, शेपूट बलकापासून सुटी न होणं आणि हृदयाचे ठोके नसणं ही चार लक्षणं पाहतात. प्रत्येक सांद्रतेला २० अंडी, २४ खणांची प्लेट आणि २६ अंश तापमान लागतं. ज्यांना फक्त 'हा रंग किती जहाल' एवढंच हवं आहे, त्यांनी हीच पद्धत घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. खर्च कमी, रंग कमी, सांडपाणी कमी. स्थानिक जातीच्या माशाबद्दलच काही सांगायचं असेल, तर पुढचं सगळं ओईसीडी २०३ च्या चौकटीत करा. ती पद्धत २०१९ मध्ये सुधारली आहे, म्हणून जुन्या प्रबंधातली १९९२ची आवृत्ती उतरवून घेऊ नका.

मासे: कुठून आणि कसे

रोहूच्या बोटुकल्या, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, पावसाळ्यात मत्स्यबीज केंद्रावर सहज मिळतात. एकाच तळ्यातल्या, एकाच दिवशी काढलेल्या, साधारण एक ग्रॅम वजनाच्या घ्या. सर्वांत लांब मासा सर्वांत आखूड माशाच्या दीडपटीहून मोठा नको. घेताना एक प्रश्न न चुकता विचारा: या पिल्लांना कोणतं औषध घातलं होतं? बुरशीवर मॅलॅकाइट ग्रीन वापरण्याची सवय सगळीकडून गेलेली नाही. ज्या रंगाची चाचणी करायची, त्यातच न्हाऊन आलेले मासे काही कामाचे नाहीत. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे जा.

पिशवीतले मासे थेट टाकीत ओतू नका. पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवा, मग टाकीतलं पाणी थोडं थोडं पिशवीत घाला. पहिले ४८ तास स्थिरावण्याचे, त्यांतली मरतूक हिशेबात धरत नाहीत. पुढचे ७ दिवस मात्र रोज मोजा. या आठवड्यात १० टक्क्यांहून जास्त मासे मेले तर सगळा लॉट बाद. ५ ते १० टक्के मेले तर आणखी ७ दिवस थांबा. ५ टक्क्यांच्या खाली असेल तर पुढे जा. चाचणीच्या २४ तास आधी खाद्य बंद, आणि चाचणीतही खाद्य नाही. खाल्लेल्या माशाची विष्ठा अमोनिया वाढवते आणि सेंद्रिय कण रंग धरून ठेवतात. म्हणजे एका चुकीने दोन आकडे बिघडतात.

पाणी

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन पहिला शत्रू. उरलेलं क्लोरीन लिटरमागे १० मायक्रोग्रॅमच्या आत हवं. पाणी मोठ्या टाकीत भरून एक-दोन दिवस जोरात हवा सोडा आणि ऑर्थोटोलिडीनच्या पिवळ्या छटेवर न विसंबता डीपीडी या क्लोरीन-चाचणीने तपासा. थायोसल्फेट टाकून क्लोरीन झटपट मारता येतं, पण ते क्षपणकारक आहे आणि रंगाच्या चाचणीत असला पाहुणा नकोच. दख्खनच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी अनेक ठिकाणी फार जड असतं. कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरमागे २५० मिलिग्रॅमच्या वर कठीणता गेली तर ते पाणी सोडून द्या.

पाणी किती लागेल याचा हिशेब आधीच मांडा. २० लिटरच्या ६ टाक्या म्हणजे १२० लिटर. रोज पाणी बदलायचं, म्हणजे सुरुवात धरून चार वेळा भरणं, एकूण ४८० लिटर. सगळं एकाच वेळी तयार केलेलं हवं. बुधवारी महापालिकेचं पाणी आलं नाही म्हणून टँकरचं घातलं, तर सोमवारच्या आकड्यांशी त्याचं नातं उरत नाही.

आता पीएच. मॅलॅकाइट ग्रीनच्या बाबतीत सगळ्यात जास्त डोकं इथे लावावं लागतं. या रंगाचा हिरवा, धनभारित रेणू पाण्यातला हायड्रॉक्सिल गट घेऊन बिनरंगी कार्बिनॉल बनतो. पीएच ६.९ च्या आसपास दोन्ही रूपं निम्मी-निम्मी असतात. पीएच ७.९ असेल तर समतोलाला पोचेपर्यंत सुमारे ९० टक्के रंग बिनरंगी रूपात गेलेला असतो. हे लगेच होत नाही, काही तास जातात. म्हणून सकाळी गडद दिसणारी टाकी संध्याकाळी फिकी पडते आणि विद्यार्थी लिहितो, 'रंगाचं विघटन झालं'. विघटन झालेलं नसतं. विष तिथेच आहे, फक्त दिसत नाही. उलट भार नसलेला रेणू चरबीत जास्त सहज विरघळतो. त्यामुळे ७.०च्या पाण्यातला आणि ८.२च्या पाण्यातला एलसी५० एकमेकांशेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. पीएच ६.० ते ८.५ मध्ये चालतो, पण जो असेल तो चारही दिवस टिकवा आणि प्रत्येक टाकीचा रोज लिहा.

रंग तोलणं

बाटलीवरचं नाव वाचून थांबू नका. मॅलॅकाइट ग्रीन क्लोराइड, ऑक्झलेट आणि झिंक क्लोराइडसोबतचा दुहेरी क्षार अशा रूपांत मिळतो. झिंक स्वतः माशांना विषारी, म्हणून तिसरा प्रकार घ्यायचाच नाही. पहिल्या दोघांतही फरक आहे. क्लोराइडच्या वजनात खरा रंगीत आयन सुमारे ९० टक्के, तर ऑक्झलेटमध्ये सुमारे ७१ टक्के. दोन प्रयोगशाळांनी 'लिटरमागे ०.३ मिलिग्रॅम' लिहिलं, एकीने क्लोराइड वापरलं आणि दुसरीने ऑक्झलेट, तर ते दोन वेगळे आकडे झाले. म्हणून कोणतं रूप आणि रंगद्रव्य किती टक्के, हे दोन्ही लेबलवरून वहीत उतरवा. बाजारातला सुटा रंग असेल तर त्यात मीठ आणि डेक्स्ट्रिनसारखी भरही असते. त्याचा एलसी५० हा त्या पुडीचा, रंगाचा नव्हे.

रंगद्रव्य ९० टक्के असेल तर लिटरला १.११ ग्रॅम तोला, म्हणजे लिटरमागे १,००० मिलिग्रॅमचं साठा द्रावण होईल. पंखा बंद करा. ही पूड इतकी बारीक उडते की दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने टेबल पुसलं की फडकं हिरवं निघतं. हातमोजे आणि मास्क लागणारच, कारण या रंगाच्या जनुकीय परिणामांबद्दलही शंका आहेत. द्रावण तपकिरी बाटलीत, अंधारात ठेवा आणि प्रत्येक चाचणीसाठी ताजं करा.

सांद्रता ठरवणं

आधी अंदाजाची फेरी. लिटरमागे ०.०१, ०.१, १ आणि १० मिलिग्रॅम, प्रत्येकी दोन-तीन मासे. अंड्यांची चाचणी आधी केली असेल किंवा तुमच्यासारख्या परिस्थितीतले विश्वासार्ह आकडे हाताशी असतील, तर ही फेरी वाचवा, मासे वाचतील. मुख्य चाचणीला किमान पाच सांद्रता लागतात. दोन शेजारच्या सांद्रतांमधलं गुणोत्तर २.२ पेक्षा जास्त नको.

समजा ०.१ ला एकही मेला नाही आणि १ ला सगळे मेले. मग मालिका ०.१०, ०.१८, ०.३२, ०.५६, १.० अशी घ्या. २० लिटरच्या टाकीत साठा द्रावणाचे अनुक्रमे २, ३.६, ६.४, ११.२ आणि २० मिलिलिटर लागतील. सहावी टाकी कंट्रोलची, म्हणजे बिनरंगाच्या पाण्याची. नियमानुसार टाकीत किमान ७ मासे लागतात. इथे हिशेब समजायला सोपा जावा म्हणून १० धरले आहेत. एक ग्रॅमचे १० मासे २० लिटरमध्ये म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅम. ०.८ ग्रॅमची मर्यादा आहे, त्यामुळे ठीक.

टाक्या काचेच्याच घ्या. धनभारित रंग प्लास्टिकला आणि सिलिकॉनच्या नळ्यांना चिकटतो, काचेलाही थोडा. त्यासाठी आदल्या संध्याकाळी प्रत्येक टाकी तिच्याच सांद्रतेच्या द्रावणाने भरून ठेवा, सकाळी ते काढा आणि नवीन भरा. काचेने प्यायचा तो रंग रात्रीच पिऊन झालेला असतो. हा हिशेब वरच्या ४८० लिटरमध्ये नाही, १२० लिटर जास्त धरा.

९६ तास

सोमवारी सकाळी दहाला सुरू करा, शुक्रवारी सकाळी दहाला संपेल. शनिवार-रविवार मध्ये आला की नोंदी पातळ होतात, हा सगळीकडचा अनुभव आहे. मासे टाक्यांत टाकताना चिठ्ठ्या टाका. हाताला आधी लागणारे मासे सुस्त असतात, आणि ते सगळे पहिल्या टाकीत गेले तर निकाल तिथेच वाकडा झाला.

तापमान पूर्ण काळ २ अंशांच्या पट्ट्यात राहू द्या, प्रकाश १२ ते १६ तास, थेट ऊन नको. ऑक्सिजन संपृक्ततेच्या ६० टक्क्यांच्या वर हवा. २६ अंशांना संपृक्तता लिटरमागे साधारण ८.१ मिलिग्रॅम, म्हणजे ४.९ च्या खाली जाता कामा नये. हा रंग उडून जाणारा नाही, तेव्हा एरेटरचे बुडबुडे मंद सोडायला हरकत नाही. वीज जाते त्या गावात बॅटरीवर चालणारा एरेटर जवळ ठेवा.

पहिल्या दिवशी तीन-चार वेळा, पुढे रोज सकाळ-संध्याकाळ टाकीपुढे बसा. उभ्या उभ्या डोकावणं नव्हे, प्रत्येक टाकीला पाच मिनिटं. कल्ल्यांची झाकणं मिनिटात किती वेळा उघडतात ते एका माशावर नजर ठेवून मोजा. मॅलॅकाइट ग्रीन श्वसनावर घाव घालतं, म्हणून आधी कल्ले बोलतात: हालचाल भराभर होते, मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडतो, अंगावर चिकट स्राव वाढतो. नंतर तोल जातो, मासा एका कुशीवर पोहतो, मध्येच दचकून सरळ होतो, पुन्हा कलतो. हे सगळं वेळेसह लिहा. शेपटीच्या बुंध्याला काचेच्या कांडीने स्पर्श केला, तो हलला नाही आणि कल्लेही थांबलेले असतील, तरच मेला. मेलेला लगेच काढा. मरणपंथाला लागलेल्या माशाला तळमळत ठेवायचं नसतं. समितीने मंजूर केलेल्या पद्धतीने, एमएस-२२२ या भुलीच्या औषधाच्या किंवा लवंगतेलाच्या जास्त मात्रेने, त्याचा शेवट करा आणि तो मेलेल्यांत मोजला की नाही ते नोंदवा.

गडद रिॲक्टिव्ह रंगाची लिटरमागे १०० मिलिग्रॅमची टाकी असेल तर मासा दिसतच नाही. तिथे उथळ, पसरट भांडं आणि खालून प्रकाश वापरा. मॅलॅकाइट ग्रीनच्या वरच्या मालिकेत ही अडचण येत नाही.

टाकीत खरंच किती आहे

रोज पाणी बदलण्याच्या आधी आणि नंतर प्रत्येक टाकीतून नमुना घ्या. स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे नमुना किती प्रकाश शोषतो ते मोजणारं यंत्र, ६१७ नॅनोमीटरवर ठेवा. इथे दोन गोष्टी चुकतात. पहिली, नमुना तसाच मोजला तर फक्त हिरवं रूप दिसतं, कार्बिनॉल सुटतं. म्हणून एक वाचन तसंच, आणि दुसरं ॲसिटेट बफरने पीएच ४ च्या आसपास आणून, आकडा स्थिर होईपर्यंत थांबून. दोन्हींतला फरक म्हणजे बिनरंगी झालेला भाग. प्रमाण आलेखही त्याच बफरमध्ये काढायचा.

दुसरी गोष्ट क्युव्हेटची, म्हणजे यंत्रात नमुना ठेवायच्या छोट्या पारदर्शक भांड्याची. एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये लिटरमागे १ मिलिग्रॅमला शोषण साधारण ०.४ येतं, आणि ०.१ ला ०.०४. बहुतेक महाविद्यालयांतल्या यंत्रावर ०.०४ मध्ये बोटाच्या ठशाचाही वाटा असतो. खालच्या दोन सांद्रतांसाठी ५ किंवा १० सेंटिमीटर लांबीचा सेल वापरा. नसेल तर बाहेरून तपासून आणा, पण अंदाज लिहू नका. मोजलेली सांद्रता घातलेल्या सांद्रतेच्या ८० टक्क्यांच्या खाली गेली, तर एलसी५० मोजलेल्या आकड्यांवरच काढायचा.

हिशेब

कंट्रोलमध्ये १० टक्क्यांहून जास्त मासे मेले तर चाचणी रद्द. १० टक्क्यांच्या आत मेले तर ॲबटचं १९२५चं सूत्र: कंट्रोलमध्ये १० टक्के आणि टाकीत ५० टक्के मरण असेल, तर ५० मधून १० वजा, भागिले ९०, म्हणजे खरं मरण ४४ टक्के.

पद्धत दिसावी म्हणून बनवलेले आकडे घेऊ. वरच्या पाच सांद्रतांना १० पैकी अनुक्रमे ०, २, ५, ९, १० मासे मेले, कंट्रोलमध्ये एकही नाही. सांद्रतांचे दहा पायाचे लॉगॅरिदम −१.०००, −०.७४५, −०.४९५, −०.२५२ आणि ०. स्पिअरमन-कार्बर पद्धतीत शेजारच्या दोन टाक्यांतली मरणाची वाढ त्यांच्या लॉगॅरिदमच्या सरासरीने गुणायची आणि सगळ्यांची बेरीज करायची:

०.२ × −०.८७२५ = −०.१७४५
०.३ × −०.६२०० = −०.१८६०
०.४ × −०.३७३५ = −०.१४९४
०.१ × −०.१२६० = −०.०१२६

बेरीज −०.५२२५. याचा प्रतिलॉग ०.३०, म्हणजे ९६ तासांचा एलसी५० लिटरमागे ०.३० मिलिग्रॅम. ९५ टक्के विश्वासमर्यादा काढल्या तर साधारण ०.२३ ते ०.३९ येतात. या मर्यादांशिवाय नुसतं '०.३०' लिहू नका, आणि '०.३००३' तर मुळीच नको. दहा मासे चौथ्या दशांशापर्यंत बोलत नाहीत.

प्रॉबिट पद्धत (सांद्रता आणि मरण यांच्यात रेषा बसवण्याची) हवी असेल तर निदान दोन टाक्यांत मरण शून्य आणि शंभरच्या मधलं हवं. कागदावर कोष्टकं बघत बसण्यापेक्षा आर या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमधलं डीआरसी पॅकेज वापरा. उतार आणि काय-वर्ग हे दोन्ही आकडे द्या. स्पिअरमन-कार्बरला एका टोकाला शून्य आणि दुसऱ्या टोकाला शंभर टक्के मरण लागतं. तसं नसेल तर टोकं छाटलेली आवृत्ती आहे. २४, ४८ आणि ७२ तासांचे एलसी५० वेगवेगळे काढा. ४८ तासांनंतर आकडा अजून उतरतच असेल, तर विष हळू मारतंय हे त्यातून कळतं.

निकाल लिहिताना

आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात १ मिलिग्रॅम किंवा त्याखालचा एलसी५० म्हणजे जलचरांसाठी तीव्र विषारितेचा पहिला वर्ग, १ ते १० दुसरा, १० ते १०० तिसरा. वरच्या उदाहरणातला रंग पहिल्यात. इतकं लिहिणं योग्य. आपल्याकडे याच्या पुढे एक परिच्छेद हमखास येतो: एलसी५० ला ०.१ किंवा ०.०१ ने गुणून 'सुरक्षित पातळी' जाहीर करायची. तो एक ठोकताळा आहे, कुणी मोजलेली सुरक्षितता नाही. जो रंग चरबीत साठतो, त्याच्या दीर्घ परिणामाबद्दल चार दिवसांची चाचणी काहीच सांगत नाही.

शुद्ध रंगाचा निकाल कारखान्याच्या सांडपाण्यालाही लावू नका. त्यासाठी वेगळा निकष आहे: १९८६च्या पर्यावरण संरक्षण नियमांनुसार सांडपाण्यात पाणी न मिसळता ९६ तासांनी ९० टक्के मासे जगले पाहिजेत. त्यात रंगाबरोबर क्षार, साबण, उष्णता, पीएच सगळं आलं. त्या कामाची पद्धत भारतीय मानक ६५८२ मध्ये आहे.

आवराआवर

जगलेले मासे तळ्यात, नदीत किंवा कुणाच्या घरच्या टाकीत सोडायचे नाहीत, खायचे तर नाहीच. मंजूर पद्धतीने शेवट करून मेलेल्या माशांसोबत जैववैद्यकीय कचऱ्यात द्या. मोरीच्या बाहेर ठेवले की मांजर नेतं, हे लक्षात असू द्या. साठा रंगहीन होईपर्यंत थांबून ओतून देणं म्हणजे कार्बिनॉल गटारात सोडणं. सगळं पाणी दाणेदार सक्रिय कोळशाच्या नळीतून सावकाश जाऊ द्या. बाहेर आलेल्या पाण्याचा नमुना पीएच ४ ला आणून ६१७ वर पुन्हा मोजा आणि शोषण कोऱ्या पाण्याइतकं आलं तरच सोडा. वापरलेला कोळसा घातक कचरा म्हणून वेगळ्या, नाव लिहिलेल्या डब्यात जातो. टाक्या आधी सौम्य आम्लाने, मग साध्या पाण्याने धुवा. कोपऱ्यांतल्या सिलिकॉनच्या जोडात हिरवी रेघ उरली असेल, तर ती टाकी पुढे कंट्रोलला वापरू नका.